विश्लेषण : पाऊस परतल्यावरही वादळ का येते? आणि त्याचा अंदाज किती आधी बांधता येतो?

अरबी समुद्रातील ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील चक्रीवादळांचा अंदाज तीन टप्प्यांत बांधला जातो. तिन्ही टप्प्यांची ताकद वेगळी आणि मर्यादाही वेगळी. ती समजून न घेतल्याने ठाणे-कल्याणसारख्या शहरांत एकतर घबराट पसरते, नाहीतर बेफिकिरी.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ मध्ये, दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३ ऑक्टोबरला अरबी समुद्रात ‘शक्ती’ नावाचे चक्रीवादळ तयार झाले. संध्याकाळपर्यंत वर्तकनगरपासून डोंबिवलीपर्यंतच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एकच संदेश फिरू लागला. मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग ही जिल्ह्यांची नावे आणि खाली ‘काळजी घ्या’. प्रत्यक्षात ‘शक्ती’ गुजरातच्या किनाऱ्यापासून दूर ओमानच्या दिशेने सरकले, मग मागे वळले आणि कोजागरीच्या सुमारास समुद्रातच विरून गेले. ठाण्यात त्या वादळाने फांदीही पडली नाही. मग गटांवर दुसरा सूर उमटला : ‘हवामान खात्याचे नेहमीचेच!’

हा दुसरा सूर पहिल्या घबराटीपेक्षा अधिक धोक्याचा आहे. कारण पुढचे वादळ येईल तेव्हा हीच आठवण लोकांच्या डोक्यात असेल.

पावसाळा संपल्यावर वादळे का?

उत्तर हिंदी महासागरात, म्हणजे बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्र मिळून, चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात. पहिला एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत आणि दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर. मधल्या जुलै-ऑगस्टमध्ये समुद्रावर ढग असतात, पाणी पुरेसे उबदार असते, तरीही चक्रीवादळ क्वचितच होते. याचे कारण वाऱ्यांत आहे. मोसमी पावसाच्या काळात समुद्रालगत नैर्ऋत्येकडून जोरदार वारे वाहतात, तर बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर नेमके उलट, पूर्वेकडून. वादळाचा उभा खांब तयार होऊ लागला की खालचा वारा त्याला एकीकडे ओढतो आणि वरचा दुसरीकडे. खांब उभा राहायच्या आतच तिरका होऊन मोडतो.

मुंबई-ठाणे परिसरातून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे. परतीबरोबर वाऱ्यांची ही ओढाताण कमी होते. समुद्र मात्र अजून उबदारच असतो. चक्रीवादळासाठी पृष्ठभागाचे तापमान साधारण साडेसव्वीस अंश सेल्सिअसच्या वर लागते आणि ही ऊब पन्नासेक मीटर खोलपर्यंत असावी लागते. ऑक्टोबरात अरबी समुद्राच्या मोठ्या भागात ही अट सहज पूर्ण होते. त्यात हवेच्या मधल्या थरांत ओलावा असला आणि एखादा कमी दाबाचा पट्टा आयता मिळाला, की वादळ जन्माला येण्याची सामग्री जमते.

ढोबळ सरासरी अशी, की उत्तर हिंदी महासागरात वर्षाला साधारण पाच चक्रीवादळे होतात. त्यातली चार बंगालच्या उपसागरात, तर एक अरबी समुद्रात. म्हणूनच ओडिशा आणि आंध्रच्या किनाऱ्यावर वादळाची जी सवय आणि जी यंत्रणा आहे, ती कोकणात नाही.

महाराष्ट्राचा अनुभव काय सांगतो?

निसर्ग (३ जून २०२०) आणि तौक्ते (मे २०२१) ही दोन वादळे ताजी असल्याने ‘वादळ म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटी’ अशी समजूत पक्की झाली आहे. पण पावसाळ्यानंतरच्या हंगामाचाही आपल्या किनाऱ्याचा इतिहास आहे. १ नोव्हेंबर १८५४ रोजी मुंबईला झोडपणाऱ्या वादळात काही तासांत हजारावर माणसे बुडाल्याच्या नोंदी आहेत. नोव्हेंबर १९४८ मध्येही मुंबईला वादळाचा मोठा तडाखा बसला. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. ते वाऱ्याच्या वेगाच्या हिशेबात साधे चक्रीवादळ होते. ‘तीव्र’ या वर्गातही ते पोहोचले नव्हते. तरी कोकणच्या अनेक नौका परतल्या नाहीत आणि मच्छीमार कुटुंबांनी माणसे गमावली.

डिसेंबर २०१७ मध्ये ‘ओखी’ केरळ, तमिळनाडू आणि लक्षद्वीपला हादरवून गुजरातकडे निघाले. ५ डिसेंबरला मुंबई, ठाणे, रायगड, पालघर आणि सिंधुदुर्ग येथील शाळांना सुट्टी द्यावी लागली. महापरिनिर्वाण दिनासाठी दादरला आलेल्या अनुयायांना शिवाजी पार्कवरच्या भिजलेल्या मंडपांतून महापालिकेच्या शाळांत हलवावे लागले. केरळ आणि तमिळनाडूच्या साठाहून अधिक नौका सुमारे साडेनऊशे मच्छीमारांसह सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला आसऱ्याला लागल्या. सुरतजवळ पोहोचेपर्यंत ‘ओखी’चा जोर ओसरला होता.

या इतिहासात एक खोटे पानही आहे. १८८२ मध्ये ‘ग्रेट बॉम्बे सायक्लोन’ आले आणि एक लाख माणसे मेली, असे इंटरनेटवरच्या अनेक याद्यांत छापलेले दिसते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील अॅडम सोबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या वादळांच्या धोक्याचा अभ्यास करताना याचा शोध घेतला, तेव्हा असे वादळ झाल्याचा पुरावाच सापडला नाही. न घडलेले वादळ लोकांना पाठ आहे आणि घडलेले ‘फयान’ विस्मरणात गेले आहे!

पहिला टप्पा : हंगामाचा अंदाज

‘यंदा वादळे जास्त की कमी’ असा अंदाज काही महिने आधी बांधण्याची प्रथा अटलांटिक महासागरात रुजली. अमेरिकेतील कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाचे विल्यम ग्रे यांनी १९८४ मध्ये ती सुरू केली. प्रशांत महासागरातील एल निनो आणि ला निना यांचा अटलांटिकवरील वाऱ्यांशी संबंध आहे, हा त्यामागचा मूळ विचार.

आपल्याकडेही असे दोन मोठे दुवे आहेत. ला निनाच्या वर्षी बंगालच्या उपसागरात पावसाळ्यानंतरची वादळे वाढण्याकडे कल असतो. दुसरा दुवा हिंदी महासागरातलाच, ‘इंडियन ओशन डायपोल’ या नावाचा. आफ्रिकेकडची बाजू जास्त उबदार आणि इंडोनेशियाकडची थंड झाली की हा डायपोल ‘धन’ होतो आणि अरबी समुद्राला बळ मिळते. २०१९ हे त्याचे ठळक उदाहरण. त्या वर्षी हा डायपोल अनेक दशकांतला सर्वांत प्रबळ होता. उत्तर हिंदी महासागरातील आठपैकी पाच चक्रीवादळे अरबी समुद्रात झाली. ‘क्यार’ तर २००७ च्या ‘गोनू’नंतर अरबी समुद्रात झालेले पहिले महाचक्रीवादळ, आणि ते जिवंत असतानाच शेजारी ‘महा’ उभे राहिले.

पण इथेच हंगामी अंदाजाची मर्यादाही दिसते. २०१९ च्या त्या विक्रमी हंगामात ‘क्यार’ अरबस्तानाकडे निघून गेले आणि ‘महा’ गुजरातकडे वळून विझले. कोकणात अवकाळी पावसाने भाताचे नुकसान केले, पण वादळ म्हणून कोणतेही आपल्या किनाऱ्यावर चढले नाही. उलट ज्या ‘फयान’ने माणसे नेली ते २००९ चे, म्हणजे एल निनोच्या वर्षाचे. आणि ‘ओखी’ २०१७ चे, म्हणजे क्षीण ला निनाच्या वर्षाचे. दोन्ही वर्षांची पार्श्वभूमी परस्परविरुद्ध, तरी फटका दोन्ही वेळा बसला.

अटलांटिकचा ताजा अनुभवही हेच सांगतो. २०२४ साठी कोलोरॅडोच्या गटाने एप्रिलमध्ये नाव मिळणारी २३ वादळे वर्तवली होती. झाली १८. ऑगस्टच्या मध्यापासून महिनाभर, म्हणजे ऐन भरात यायच्या वेळी, समुद्र जवळपास गप्प होता आणि अंदाज फसल्याची चर्चा सुरू झाली. मग २५ सप्टेंबरनंतर, हंगामाच्या शेपटीला, सात हरिकेन तयार झाली. त्यात ‘हेलेन’ आणि ‘मिल्टन’ होती. २०२५ मध्ये एकही हरिकेन अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आले नाही. पण ऑक्टोबरच्या अखेरीस ‘मेलिसा’ने जमैकाला ताशी सुमारे २९५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने झोडपले. अमेरिकेसाठी जो हंगाम शांत, तोच जमैकासाठी इतिहासातला भीषण.

वर्षाला सरासरी एखादेच वादळ होणाऱ्या अरबी समुद्रासाठी तर ‘जास्त’ किंवा ‘कमी’ या शब्दांना शहराच्या पातळीवर फारसा अर्थ उरत नाही. हंगामी अंदाज सरकारला साठा, निधी आणि मनुष्यबळ ठरवायला उपयोगी आहे. वर्तकनगरच्या रहिवाशाने त्यावरून आपले काही ठरवू नये.

दुसरा टप्पा : दोन आठवड्यांचा अंदाज

हंगाम आणि प्रत्यक्ष वादळ यांच्या मधला टप्पा सर्वांत कमी माहितीचा, पण कामाचा आहे. विषुववृत्तालगत ढगांचा आणि पावसाचा एक प्रचंड पट्टा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत साधारण ३० ते ६० दिवसांत पृथ्वीला फेरी मारतो. रोलंड मॅडन आणि पॉल ज्युलियन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो शोधला, म्हणून त्याला ‘मॅडन-ज्युलियन दोलन’ म्हणतात. हा पट्टा हिंदी महासागरावर आला की वादळ जन्मण्याची शक्यता वाढते. पुढे सरकला की घटते. त्याची चाल दोन-तीन आठवडे आधी बऱ्यापैकी ओळखता येते.

याच आधारावर भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी पुढील दोन आठवड्यांचा चक्रीवादळ-निर्मितीचा अंदाज प्रसिद्ध करतो. दोन्ही समुद्रांत कमी दाबाचे क्षेत्र तीव्र होण्याची शक्यता कमी, मध्यम की जास्त, एवढेच त्यात असते. कोणत्या गावाला वादळ धडकेल हे नसते आणि असूही शकत नाही. पण दहा-बारा दिवसांसाठी खोल समुद्रात जाणाऱ्या नौकेला नेमकी हीच माहिती हवी असते. जून आणि जुलैमध्ये यांत्रिकी नौकांना मासेमारी बंदी असते, त्यामुळे बहुतेक नौका किनाऱ्यावर असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या ऐन धंद्यात असतात. ‘फयान’ ९ नोव्हेंबरला कमी दाबाच्या तीव्र क्षेत्राच्या रूपात दिसले आणि ११ ला किनाऱ्यावर होते. ‘ओखी’ तर एका दिवसात चक्रीवादळ झाले. अशा वेळी दोन दिवसांचा इशारा मिळाला तरी लांब गेलेली नौका वेळेत परतू शकत नाही. निघण्याआधीच तिला थांबवता आले, तरच इशाऱ्याचा उपयोग.

हीच गोष्ट मुरबाड, शहापूर आणि भिवंडीच्या शेतकऱ्याची. हळवे भात ऑक्टोबरात तयार होते, निमगरवे आणि गरवे त्यामागून. कापून शेतात पसरलेल्या भातावर दोन दिवस पाऊस पडला तर दाणा काळा पडतो, पेंढा कुजतो. कापणी चार दिवस थांबवायची की मजूर लावून उरकून घ्यायची, हा निर्णय आठवडाभर आधी घ्यावा लागतो. वादळ शेकडो किलोमीटर दूर समुद्रात असले तरी त्याच्या ओढीने आलेला पाऊस पीक नेऊ शकतो, हे २०१९ च्या ऑक्टोबरने दाखवले.

तिसरा टप्पा : पाच दिवसांपासून पाच तासांपर्यंत

एकदा कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले की उपग्रह, समुद्रातील तरंगते बोये आणि संगणकीय प्रारूपे यांच्या आधारे मार्ग सांगता येतो. या कामात हवामान विभागाने मोठी मजल मारली आहे. २४ तास आधी सांगितलेल्या मार्गातली सरासरी चूक आता शंभर किलोमीटरच्या आत आली आहे. ही प्रगती मोठी आहे, पण तिचा अर्थही नीट लक्षात घ्यायला हवा. ठाणे ते अलिबाग हे सरळ रेषेतले अंतर साधारण साठ किलोमीटर. म्हणजे उत्तम अंदाजातही ‘अलिबाग की ठाणे’ याचे उत्तर आदल्या दिवशी ठामपणे मिळेलच असे नाही. ‘निसर्ग’ मुंबईच्या दिशेने येत असल्याची भीती होती. ते थोडे दक्षिणेला, श्रीवर्धन-अलिबाग पट्ट्यात चढले. मुंबई-ठाणे बचावले, रायगडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या.

वादळाची तीव्रता सांगणे मार्गापेक्षाही अवघड. समुद्र खोलवर तापलेला असेल तर वादळ एका दिवसात दोन पायऱ्या चढते. आणि अरबी समुद्र तापतो आहे, यात आता वाद उरलेला नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील मेधा देशपांडे, रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार, १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. त्याच काळात बंगालच्या उपसागरातील संख्या किंचित घटली. त्याआधी २०१७ मध्ये हिरोयुकी मुराकामी आणि सहकाऱ्यांनी खास पावसाळ्यानंतरच्या हंगामाचा अभ्यास केला होता. २०१४ चे ‘निलोफर’ आणि २०१५ ची ‘चपला’ व ‘मेघ’ ही अतितीव्र वादळे केवळ योगायोग नसून मानवी हस्तक्षेपाने झालेल्या तापमानवाढीने त्यांची शक्यता वाढवली, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मग ‘शक्ती’चा अंदाज चुकला होता का?

नाही. वादळ झाले, तीव्रही झाले, आणि ते किनाऱ्यापासून दूर जाईल हेही सांगितले गेले. समुद्र खवळेल, मच्छीमारांनी जाऊ नये, हा त्यातला खरा इशारा होता. फोनवर फिरताना त्याचे ‘ठाण्यावर वादळ’ झाले.

इशाऱ्यांची उतरंड लक्षात ठेवली तर हा घोळ टळतो. किनाऱ्यावर हवामान बिघडण्याच्या साधारण ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी पिवळा इशारा, २४ तास आधी नारिंगी आणि वादळ जमिनीवर चढण्याच्या बारा तास आधी, ते आत कुठवर जाईल हे सांगणारा लाल. ज्या संदेशात तारीख, वेळ आणि यातली पायरी नाही, तो पुढे न पाठवलेलाच बरा. ‘मौसम’ आणि ‘सचेत’ ही सरकारी अॅप फोनवर असतील तर मूळ इशारा पाहायला अर्धा मिनिट लागतो.

ठाणे-कल्याणने काय करायला हवे?

समुद्राची लाट वर्तकनगरला येणार नाही. पश्चिमेला येऊरचा डोंगर आहे. पण वारा आणि पाऊस येतील, आणि या शहरांची दुखरी जागा तीच आहे. ‘तौक्ते’ मुंबईच्या किनाऱ्यावर न चढता समुद्रातून वर गेले, तरी ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत झाडे कोसळली, पत्रे उडाले, वीज गेली. वीज गेली की पिसे, टेमघर, मोहिली येथील पाणी उपसा अडतो आणि उंच इमारतींत उद्वाहन आणि पाणी एकाच वेळी बंद होते. मे २०२४ मध्ये घाटकोपरचा फलक कोसळून १७ जणांचा बळी गेला, तेव्हा तर चक्रीवादळही नव्हते. होते ते धुळीचे वादळ.

तरीही आपले सगळे सरकारी पंचांग पावसाळ्याला बांधलेले आहे. फांद्यांची छाटणी मेमध्ये, धोकादायक इमारतींची यादी पावसाळ्याआधी, फलकांची तपासणी त्याच सुमारास. ३० सप्टेंबर उलटला की यंत्रणेचा आणि नागरिकांचाही ‘सुटलो’ असा समज. त्यानंतर दिवाळीचे मंडप, कंदिलांच्या कमानी, शुभेच्छांचे फलक आणि पावसात थांबलेल्या बांधकामांच्या क्रेन उभ्या राहतात. म्हणजे वादळाचा दुसरा हंगाम सुरू होतो, तेव्हाच वाऱ्याला अडणाऱ्या वस्तू वाढतात.

यासाठी मोठा खर्च लागणार नाही. महापालिकांनी आपत्ती कक्षाची पावसाळी सज्जता डिसेंबरच्या मध्यापर्यंत ठेवावी. सप्टेंबरअखेर झाडांची आणि फलकांची दुसरी फेरी घ्यावी. पाणी उपसा केंद्रांच्या पर्यायी विजेची चाचणी ऑक्टोबरआधी व्हावी. हवामान विभागाचा गुरुवारचा अंदाज जिल्हा प्रशासनाने चार ओळींच्या सोप्या मराठीत करून मच्छीमार सोसायट्या, कृषी सहायक आणि गृहनिर्माण संस्थांपर्यंत पोहोचवावा. ‘शक्यता मध्यम, पुढील सूचना सोमवारी’ एवढे वाक्यही पुरे. लोकांना शक्यतेची भाषा कळत नाही, असे प्रशासन धरून चालते. लग्नाचा मांडव घालताना ‘पाऊस येईल का’ याचा हिशेब करणाऱ्या माणसाला ती चांगली कळते. फक्त ती त्याच्याशी कोणी बोलत नाही.

यातला सगळ्यात कठीण भाग म्हणजे वादळ न आल्यावर काय म्हणायचे हा. दहापैकी तीनदा येण्याची शक्यता सांगितलेले वादळ सात वेळा येणार नाही. त्या सात वेळी नौका थांबवल्याने मच्छीमाराची मजुरी बुडते, ती कुणीतरी भरून द्यायला हवी. नाहीतर आठव्या वेळी तो इशारा ऐकणार नाही आणि त्याला दोष देता येणार नाही. चांगल्या अंदाजाची खरी किंमत या भरपाईत आहे. ती चुकवायची तयारी नसेल तर उपग्रह आणि रडार कितीही नवे आणले, तरी पुढच्या ‘फयान’च्या दिवशी नौका समुद्रातच असतील.